उजवी मानस

बांबोळीला सत्तेचाळीस नंबर.
पपांच्या मुठीत थेंबांची बाटली.
दोन वर्षांत बाटल्या किती बदलल्या कोण जाणे,
मूठ तीच, दर दोन तासांनी मान मागे, नजर आढ्याला.

डॉक्टर इर्मा वाझ यांनी नळी घालून पाहिलं.
"शेंबूड कुठाय? हे रक्त आहे.
आपल्याच शिरांत मुक्काम ठोकून बसलेलं."
केसपेपरच्या पाठीवर त्यांनी नाक काढलं, उभं चिरलेलं,
आणि मज्जातंतूंच्या टोकांशी
प्रथिनांच्या चिमुकल्या तुकड्यांची नावं लिहिली,
ट्रकांचे नंबर लिहावेत तशी.

चोडणच्या फेरीबोटीत कठड्याला टेकून
मी त्या नावांचा अर्थ लावत होते.

पपांनी एकतीस वर्षं मानशी राखल्या,
पावणीत बोली लावून, कधी कर्ज काढून.
भरतीला दार मिटतं, ओहोटीला उघडतं,
कंदिलाखाली सुंगटं जाळ्यात येतात.
खाऱ्या पाण्याला कुठवर येऊ द्यायचं
हे त्यांना विचारावं.
म्हणून मी त्यांचेच शब्द घेतले.

नाकात दोन खाजनं आहेत, पपा, मध्ये बांध.
डावं भरतं तेव्हा उजवं ओसरतं,
काही तासांनी उलट. सगळ्यांचंच. कळत नाही इतकंच.
दारावर निरोपे असतात.
एक जण ओरडतो, "लाव दार!" आणि पसार होतो.
त्याच्यासोबतचा न्यूरोपेप्टाइड वाय ओरडत नाही,
फळीला पाठ लावून उभा राहतो, खूप वेळ.

"आंतोनाभशेन," पपा म्हणाले.

धूळ गेली, फोडणीचा खाट लागला
की सबस्टन्स पी उठतो, त्याच्या मागून सीजीआरपी.
रक्ताच्या वाटा फुगतात, भिंती झिरपायला लागतात.

"कुल्ल्यांनी बांद पोखरिल्ल्या भशेन."

हो. आणि एक आहे व्हीआयपी.
खरंच, हेच नाव लिहिलंय, बघा.
तो आला की सगळे रस्ते रुंद,
आणि तुम्ही मात्र अडकलेले.

पपा इतके हसले की नाक आणखी चोंदलं.
शेजारी स्कूटरवर बसलेला पाववाला वळून बघायला लागला.

डॉक्टर म्हणाल्या, कुठे कुठे मिरचीचं सत्त्व फवारतात नाकात,
सबस्टन्स पीची कोठारं रिकामी व्हावीत म्हणून.
"खोल्याची काय हरमलाची?"
ते मी विचारलं नव्हतं.

मग थेंबांचं सांगायची वेळ आली.
हा बाहेरचा माणूस, पपा,
दर दोन तासांनी येऊन दार आपटतो.
त्याच्या आवाजाची सवय झाली की
आतले कोणाचं ऐकेनासे होतात.
तो गेला की पाणी दुप्पट.

पपा पाण्याकडे पाहत राहिले.
फेरीची पाटी धक्क्यावर आदळली. बाटली त्यांनी माझ्या हातात दिली,
झाकण मात्र खिशातच राहिलं.

पुढच्या रात्री मोजायच्या नव्हत्या, तरी मी मोजल्या.
तोंड उघडं, घसा सुकलेला,
उशीला शिव्या, मला शिव्या, डॉक्टर वाझना पोर्तुगीजमधून.
डाव्या कुशीवर, मग उजव्या,
वरची नाकपुडी जराशी सुटायची,
आणि डोळा लागला की पुन्हा बूच.
सातव्या रात्री बाटली शोधताना सापडले,
तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात.
दोघंही काही बोललो नाही.

एकोणिसाव्या रात्री साडेतीनला हाक आली.
"उजवी उगडली."
ते मागच्या दारात उभे, अंगात नुसती बनियन,
समोर अंधारात खाजन,
ओहोटी लागलेली.
त्यांनी श्वास घेतला. थांबले. परत घेतला,
जिभेवर मीठ ठेवून बघावं तसा.

"चिखल," म्हणाले.
मग थोड्या वेळाने, कपाळाला आठी घालून:
"आंतोनान जाळें धुवूंक ना."

तोवर डावी हळूहळू भरत चालली होती.